तीनशे डॉलर सुटतात म्हणून मोठी गन सेफ घ्यावी का?

व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नहून एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे. यजमानांनी नेमबाजीच्या सरावासाठी एक पिस्तूल घेतलं. मुलं आठ आणि चार वर्षांची. डीलर १,६५० डॉलरची मोठी सेफ (बंदुका ठेवायची कुलूपबंद पोलादी तिजोरी) दाखवतो आणि ‘तीनशे टॅक्समधून सुटतात’ म्हणतो. ऑनलाइन एक सेफ १,२०० ला मिळते. सेलपर्यंत थांबावं का? तोवर पिस्तूल कपाटाच्या वरच्या खणात आहे.

ताई, थांबू नका. आठ वर्षांचं मूल खुर्ची ओढून त्या खणापर्यंत सहज पोचतं. परवानाधारक डीलरने पिस्तुलासोबत कुलूप किंवा तसं साधन देणं केंद्रीय कायद्याने सक्तीचं आहे, म्हणजे ते बहुधा खोक्यातच पडलेलं असेल. यजमानांना आज रात्रीच पिस्तूल रिकामं करून ते लावायला सांगा, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा. चौदा वर्षांखालच्या मुलाच्या जिवाला धोका होईल अशा बेफिकिरीने भरलेलं शस्त्र उघडं ठेवणं व्हर्जिनियात गुन्हा आहे आणि त्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

आता पैशांचं. तुमच्या राज्यात दोन वेगळ्या सवलती आहेत. २०२० पासून १,५०० डॉलरपर्यंतच्या गन सेफवर सेल्स टॅक्स नाही. मात्र तिला आकड्यांचं, डायलचं किंवा बोटाच्या ठशाचं कुलूप हवं, आणि काचेच्या दाराचं कपाट चालत नाही. दुसरी सवलत २०२३ पासूनची: राज्याच्या इन्कम टॅक्समध्ये ३०० डॉलरपर्यंत क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून थेट वजा होणारी रक्कम. पण खरेदी केंद्राचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडूनच व्हायला हवी.

डीलरची सेफ दीड हजाराच्या वर जाते, म्हणून तुमच्याकडच्या ६ टक्क्यांनी ९९ डॉलर कर लागेल. एकूण १,७४९; क्रेडिट वजा केलं तरी १,४४९. ऑनलाइन सेफला सेल्स टॅक्स नाही, पण क्रेडिटही नाही: १,२००. तीच सेफ डीलरकडे १,३५० ला मिळाली, तर क्रेडिटनंतर १,०५० ला पडेल. दुकानात दीडशे महाग दिसणारी वस्तू शेवटी दीडशेने स्वस्त पडते.

तरी माझ्या मते यातली एकही घेऊ नका. पिस्तूल एकच आहे. आकड्यांच्या कुलपाची छोटी पोलादी सेफ डीलरकडे अडीचशे डॉलरच्या आसपास मिळाली, तर सेल्स टॅक्स लागणार नाही आणि सगळी रक्कम क्रेडिटमध्ये बसेल. ती भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की करा. घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारा. मोठी सेफ घेण्यासारखं आज तुमच्याकडे काही नाही, आणि रिकाम्या कप्प्यांमुळे पुढच्या खरेदीचा मोह होतो असं मला मनापासून वाटतं.

हे क्रेडिट तुमच्या करापुरतंच चालतं, त्याहून जास्त रोख मिळत नाही. पगारातून टॅक्स आधीच कापला गेला म्हणून ते वाया जाईल अशी भीती मात्र नको. वर्षाचा एकूण कर कमी झाला की जास्तीचा कापलेला पैसा परत येतो. राज्याने सगळ्यांना मिळून वर्षाला एकूण ५० लाख डॉलरची मर्यादा घातली आहे, त्यामुळे क्रेडिट गृहीत धरून खर्च वाढवू नका. डीलरची पावती जपून ठेवा आणि सेफचं वर्णन तिच्यावर स्पष्ट लिहून घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शस्त्र बाळगायला केंद्रीय कायद्याची सर्वसाधारणपणे बंदी आहे, अपवाद थोडेच आहेत. आईवडील व्हिजिटर व्हिसावर राहायला आले, तर सेफचा कोड त्यांना देऊ नका. तुम्ही स्वतः एच-४ वर, म्हणजे एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल, तर हीच बंदी सर्वसाधारणपणे यजमानांनाही लागू होते, म्हणून आधी वकिलाशी बोला.

मोठ्या सेफसाठी बाजूला काढलेल्यातले हजार डॉलर मुलांच्या शिक्षणासाठी व्हर्जिनियाच्या ५२९ खात्यात भरा. खात्यामागे वर्षाला ४,००० डॉलरपर्यंतची वजावट राज्याच्या करपात्र उत्पन्नातून मिळते. ५.७५ टक्के दराने हजारावर राज्याचा साधारण ५७ डॉलर कर वाचेल.