मोठ्या मोटारहोमच्या पेडलची सवय कशी करावी?

कारमध्ये रुळलेल्या पायाला मोटारहोमचा (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचा) ब्रेक चटकन सापडत नाही, ही अडचण अनेक नव्या चालकांना येते आणि तिचे मूळ बहुधा बसण्याच्या जागेत असते. मोठ्या मोटारहोममध्ये चालक पुढच्या चाकांजवळ, कधी त्यांच्याही पुढे बसतो. त्यामुळे चाकाच्या कमानीला किंवा इंजिनाच्या आवरणाला जागा देताना काही गाड्यांत पेडल बाजूला सरकतात, आणि ब्रेकचे पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा बरेच उंच असल्यास टाच टेकवून पाऊल नुसते वळवणे पुरत नाही, पाय पूर्ण उचलावा लागतो. म्हणून आधी आसन असे जुळवावे, की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. मग इंजिन बंद ठेवून, खाली न पाहता पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर नेण्याचा सराव करावा. (जाड, रुंद तळव्याचे बूट इथे घात करतात.) डाव्या पायाने ब्रेक दाबण्याचा मोह टाळावा, कारण घाबरल्यावर दोन्ही पाय एकदम दाबले जाऊ शकतात. एअर ब्रेक (दाबलेल्या हवेवर चालणारे ब्रेक) असल्यास पेडल दाबणे आणि परिणाम जाणवणे यांत थोडा विलंब असतो. तो मोकळ्या मैदानात, आणि पाण्याची टाकी व सामान भरलेले असताना पुन्हा एकदा, अजमावून पाहावा.