वाड्याच्या फोटोत पात्र तरंगतंय

प्रश्न : काका, मी आणि माझा मावसभाऊ मिळून एक अ‍ॅडव्हेंचर गेम करतोय. आमच्या जुन्या वाड्यात आजोबांनी लपवून ठेवलेले जमिनीचे कागद शोधायचे, अशी गोष्ट आहे. दोघांनाही चित्र काढता येत नाही. म्हणून सोपा, माजघर, परडं आणि बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती (जुनं जैन मंदिर) यांचे मोबाईलवर फोटो काढून तेच मागची दृश्यं म्हणून वापरले. पण पात्र उभं केलं की ते तरंगतं, वरून चिकटवल्यासारखं दिसतं. शिवाय मित्रांना खेळायला दिलं तर कशावर क्लिक करायचं तेच त्यांना कळत नाही. फोटोंचा नाद सोडावा काय? (कॉलेज विद्यार्थी, खानापूर तालुका)

उत्तर : सोडू नकोस. चित्र येत नाही म्हणून फोटो घेतला, यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. मोठ्या कंपन्यांनीही तेच केलंय की. सिएराच्या ‘पोलिस क्वेस्ट : ओपन सीझन’मध्ये (1993) लॉस एंजेलिसचे खरे रस्ते फोटोतून आले. त्याच कंपनीच्या ‘द बीस्ट विदिन’मध्ये (1995) मागं म्युनिक आणि बव्हेरियातल्या जागांचे फोटो आणि पुढं निळ्या पडद्यासमोर चित्रित केलेले नट होते. तो गेम सहा सीडींवर आला होता.

आता तरंगण्याचं बघू. तुझे फोटो पाहिले. सगळे उभ्यानं, डोळ्याच्या उंचीवरून काढलेत. लग्नाच्या अल्बमला ते बरोबर, गेमला नाही. त्या उंचीवरून जमीन अरुंद पट्टीसारखी दिसते, मग पात्र चालणार कुठं? कॅमेरा वर ने. माडीच्या जिन्यावर चढ, नाहीतर लांब काठीला मोबाईल बांधून टायमर लाव. मात्र मोबाईल खाली झुकवू नकोस, सरळच धर. झुकवलास की वाड्याचे खांब तिरके होतात. 4000 बाय 3000चा फोटो घेतलास तर गेमच्या रुंद पडद्यासाठी त्यातला 4000 बाय 2250 एवढाच भाग लागतो. वरचे 750 पिक्सेल कापून टाक. क्षितिजाची रेघ, म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीची आडवी रेघ, मधून वर सरकते आणि दोन तृतीयांश पडदा जमिनीला मिळतो.

पात्राची उंची अंदाजानं ठरवू नकोस, साधं त्रैराशिक आहे. कॅमेरा जमिनीपासून 3 मीटर वर असेल आणि पात्र 1.65 मीटर उंच असेल, तर पाय ते क्षितिजरेघ या अंतराच्या 0.55 पट पात्राची उंची. 1080 उंचीच्या पडद्यावर रेघ वरून 360 पिक्सेलवर आली. पाय 960वर असले तर पात्र 330 पिक्सेल, आणि चालत मागं जाऊन पाय 560वर आले तर 110. जमीन सपाट असली की हे कुठंही जुळतं. ‘अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ’सारख्या फुकट इंजिनात (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरात) चालायच्या जागेच्या वरच्या आणि खालच्या टोकाला हे आकडे पात्राच्या मूळ चित्राच्या टक्क्यांत भरायचे, मधलं ते स्वतः काढतं. गणित नको असेल तर मावसभावाला अंगणात एकदा पुढं, एकदा मागं उभं करून फोटो घे आणि मग तो बाजूला झाल्यावर रिकाम्या अंगणाचा घे. मी तर तिन्ही घेतो. मोबाईलमधली 0.5 वाली रुंद लेन्स वापरू नकोस, कडेची माणसं रुंद होतात.

चिकटवल्यासारखं दिसतं ते उजेडामुळं. सोप्यात ऊन डावीकडून आलंय आणि तुझ्या पात्राचा गाल उजवीकडं उजळलाय. आपल्याकडं यावर फुकटचा उपाय आहे : पाऊस. झड थांबली की ढगाळ उजेडात सावली जवळजवळ पडतच नाही. त्या उजेडात जागेचे फोटो घे, त्याच उजेडात, त्याच उंचीवरून मावसभावाचे घे आणि त्यालाच पात्र कर. पायाखाली मऊ कडांचा एक काळसर डाग ठेवलास की तो जमिनीवर टेकतो. एक सांभाळ. जांभा दगड भिजला की गडद होतो. अर्धा वाडा ओला आणि अर्धा कोरडा असला तर दार ओलांडताच ऋतू बदलल्यासारखं वाटेल. इतकं करूनही रंग जमले नाहीत तर सगळं कृष्णधवल कर. ‘द लॉस्ट क्राऊन’ (2008) या भुताच्या गेमनं इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावाचे फोटो असेच वापरलेत, मधेच कुठंतरी एखादा रंग.

तुझी खरी अडचण मात्र दुसरी आहे, आणि मित्रांनी ती बरोबर पकडली. चित्रकार भिंत काढतो तेव्हा त्याला हवी तेवढीच खुंटी काढतो. कॅमेरा सगळंच घेतो. तुझ्या माजघराच्या फोटोत देवळीतला दिवा, शिंकाळं, कणगी, प्लास्टिकची घागर, इन्व्हर्टर, दोन कॅलेंडरं आणि दोरीवरचा टॉवेल एवढं सगळं आहे. गेममध्ये कामाचा फक्त दिवा. खेळणारा बिचारा टॉवेल झाडत बसणार नाही तर काय करणार?

म्हणून फोटो काढायच्या आधी खोली रिकामी कर. आजी ओरडेल, ओरडू दे. मग गोष्टीला लागतं तेवढंच परत मांड. राहिलेली वायर, स्विचबोर्ड ‘गिंप’ या फोटो सुधारायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पुसून टाक. कामाच्या वस्तूभोवती थोडी मोकळी भिंत ठेव आणि बाकीचे कोपरे जरा अंधारे कर, नजर आपोआप तिथं जाते. तरी एखादं कॅलेंडर राहिलंच तर त्यावर क्लिक केल्यावर आजोबांच्या तोंडचं एक वाक्य तरी ऐकू येऊ दे. काहीच न होणं सगळ्यात वाईट.

उचलायची प्रत्येक वस्तू असताना एक आणि नसताना एक असे दोन फोटो लागतात. दाराचंही तसंच, उघडं आणि बंद. मधे ट्रायपॉड रेसभर हलता कामा नये, आणि एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) लॉक करून ठेव, नाहीतर दार उघडल्याबरोबर भिंतीचा रंग बदलेल. तिथंच, त्याच जागेवरून थोडा व्हिडिओ घे : पागोळ्या, परड्यातली केळीची पानं. पात्र चालतंय आणि पान हलत नाही, हे डोळ्याला लगेच खुपतं.

कमल बस्तीचे फोटो सुंदर आलेत. 1204 सालच्या त्या खांबांवरचा उजेड बघून मला हेवा वाटला. पण ते संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड लावायचा असेल, गेम विकायचा असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळाला आधी लिहून परवानगी घे. किल्ल्याचा काही भाग लष्कराकडं आहे, तिथं मोबाईल वर करूच नकोस.

बाजाराच्या दृश्यातल्या खऱ्या दुकानांची नावं, फोन नंबर आणि गाड्यांच्या केए-22च्या पाट्या पुसून टाक. त्या जागी मनानं रचलेल्या दुकानांच्या पाट्या लिही, पण कन्नड आणि मराठी दोन्ही. आपला बाजार तसाच दिसतो. एकच ठेवलीस तर लोक गेम सोडून पाटीवरच भांडतील.

प्रश्न : आमची आठवीची मुलं निपाणीच्या तंबाखू वखारीवर छोटा गेम करताहेत. इंटरनेटवरच्या फोटोंना चित्रासारखा फिल्टर लावून वापरले तर चालतात का? आणि एका मुलीच्या घरी आजोबांचा वखारीतला जुना फोटो आहे, तो? (शिक्षिका, निपाणी)

उत्तर : बाई, फिल्टरनं मालक बदलत नाही. फोटो ज्याचा त्याचाच राहतो, आणि खाली नाव छापणं म्हणजे परवानगी नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे, म्हणजे मालकानं काही अटींवर आधीच वापरायला मोकळे केलेले फोटो घ्या, पण परवाना वाचून. काहींत विकायला मनाई असते. काहींत बदल केलेला फोटो पुढं द्यायला मनाई असते, मग फिल्टरही गेला. त्यापेक्षा मुलांना परवानगी काढून एखाद्या वखारीत न्या. तिथला धूळभरला उजेड त्यांना इंटरनेटवर मिळायचा नाही.

आजोबांच्या फोटोचं सोपं आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. आम्हा स्टुडिओवाल्यांना हे कलम कधीच आवडलं नाही. तो फोटो आजोबांनी पैसे देऊन काढून घेतला असेल तर घरच्यांना विचारा आणि वापरा. वखारीच्या मालकानं काढवून घेतला असेल तर त्यांच्या घरी जावं लागेल.