मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांना पायथन शिकवताना सुरुवात कुठून करावी?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की कळव्याच्या शाळेत दर शनिवारी दोन तास मिळणार आहेत, मुलं मराठी माध्यमाची आहेत, आणि हाताशी असलेल्या पुस्तकात पहिले दोन धडे संगणकाचा इतिहास आणि डेटा टाइपच्या व्याख्या असे आहेत. तोच क्रम धरावा का, हा तुमचा प्रश्न.

धरू नका. मी ऐरोलीत नोकरी करते आणि सहा वर्षं शनिवारी घणसोलीत याच वयाच्या मुलांना शिकवते. पहिल्या वर्षी मी तोच क्रम धरला होता. तीन शनिवार वहीत व्याख्या उतरवून घेतल्या आणि चौथ्या शनिवारी निम्मी मुलं आलीच नाहीत. त्यांची काहीच चूक नव्हती.

आता पहिल्या दिवशी फळ्यावर दोन ओळी लिहिते आणि लॅपटॉप उघडायच्या आधी विचारते, काय दिसेल? प्रत्येकानं वहीत अंदाज लिहायचा, मगच रन करायचं. ही एक सवय महिनाभर सोडू नका. अंदाज चुकला की मूल स्वतःहून ‘का?’ विचारतं आणि तिथून शिकवणं सोपं जातं. उदाहरणार्थ, इनपुटनं दोन विषयांचे गुण मागा आणि त्यांची बेरीज छापा. मुलं 40 आणि 35 टाकतात, उत्तर येतं 4035. वर्गात एकच गलका होतो. इनपुटमधून आलेली गोष्ट कायम मजकूर असते, तिचा आकडा करायला इंट लागतो, हे त्या गलक्यानंतर एका वाक्यात सांगून होतं.

सगळ्यात जास्त वेळ बरोबरच्या चिन्हाला द्या. नववीच्या बीजगणितात मुलं दोन चलांची समीकरणं सोडवत असतात. तिथे बरोबर म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. आणि आपण फळ्यावर लिहितो, गुण = गुण + 1. हुशार मुलगी इथे हमखास अडते, कारण तिचं गणित पक्कं असतं. दोन्हीकडून गुण वजा केले की 0 = 1 उरतं, हे कसं चालेल? तिला ‘इथे असंच असतं’ म्हणून गप्प करू नका. मी ती ओळ उजवीकडून मोठ्यानं वाचायला लावते: आताचे गुण घे, त्यात एक मिळव, जे येईल त्याला पुन्हा ‘गुण’ हे नाव दे. आठवडाभर सगळ्यांनी असंच वाचायचं. सारखेपणा तपासायला दोन बरोबरची चिन्हं लागतात, हे त्यानंतर सांगा.

आता लिस्ट, म्हणजे क्रमांक लावलेली यादी. मोजणी शून्यापासून का, हा प्रश्न येणारच. मी आपली ट्रान्सहार्बर लाइन घेते. ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. प्रत्येक स्टेशन ठाण्यापासून किती स्टेशनं पुढे आहे? ऐरोली एक, वाशी सात. मग ठाणे? शून्य! हे उत्तर मुलंच देतात. रबाळ्याहून तुर्भ्याला किती स्टेशनं, तर पाचातून दोन वजा. आठ स्टेशनं आहेत म्हणून आठ क्रमांक मागितला की इंडेक्स एरर, कारण शेवटचा क्रमांक सात.

याच लाइनवर इफ-एल्ससुद्धा आहे. तुर्भ्यानंतर गाडी वाशीची असेल तर सानपाडा, पनवेलची असेल तर जुईनगर. बहुतेक मुलांनी हे डब्यात उभं राहून अनुभवलेलं असतं, चुकीच्या गाडीत बसून उलटं आलेलीही असतात.

मुद्दाम मी जुनी यादी घेते, दिघा गाव नसलेली. मुलं लगेच ओरडतात की एक स्टेशन राहिलं. ते 2024 च्या जानेवारीत सुरू झालं, ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये. तर इन्सर्ट वापरून त्याला एक नंबरच्या जागी घालायचं. घातल्यावर इफ-एल्सचा आधीचा प्रोग्राम चालतो, एररही येत नाही, पण ‘क्रमांक पाच आला की फाटा’ असं लिहिलेलं असल्यामुळे गाडी कोपरखैरण्यालाच वळते. दुरुस्त कसं करायचं यावर माझ्या वर्गात अर्धा तास वाद झाला. काहींनी पाचाचा सहा केला. एका मुलानं विचारलं, उद्या अजून एक स्टेशन झालं तर पुन्हा बदलत बसायचं का? त्याला इंडेक्स हे फंक्शन दाखवलं, म्हणजे तुर्भ्याचा क्रमांक लिस्टलाच विचारायचा. तो तास माझ्या सहा वर्षांतला सगळ्यात चांगला तास आहे.

भाषेबद्दल. पायथन 3 मध्ये चलाचं नाव देवनागरीत देता येतं. वय = 15 चालतं, पण तोच आकडा मराठीत लिहून वय = १५ केलं तर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याची चूक. मात्र इनपुटमध्ये १५ टाइप केलं तर इंट त्याचा बरोबर 15 करतो. ‘ठाणे’ शब्दाची लांबी लेननं विचारा, उत्तर चार येईल, कारण ठ, काना, ण आणि मात्रा असं वेगवेगळं मोजलं जातं. हे मुलांना फार आवडतं. पहिले दोन आठवडे मी नावं देवनागरीत ठेवते, पुढे मराठीच शब्द पण रोमन लिपीत, कारण सारखा कीबोर्ड बदलण्यात वेळ जातो.

इंग्रजीची खरी भीती एररच्या लाल ओळींची असते. त्यासाठी नियम एकच: शेवटची ओळ आधी वाचायची. प्रत्येक मुलाची एक वेगळी ‘एररची वही’ असू द्या. नेम एरर म्हणजे ‘हे नाव मला माहीत नाही’, इंडेंटेशन एरर म्हणजे ‘ओळ आत सरकवायला चुकलीस’, असं मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहायचं. दहा-बारा नोंदी झाल्या की मुलं तुम्हाला हाक मारायच्या आधी वही उघडतात.

सॉफ्टवेअर म्हणून थॉनी घ्या. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि एकेक पायरी पुढे जाताना चलांच्या किमती बाजूला बदलताना दिसतात. इंटरनेटवरच्या जुन्या नोट्सपासून सावध राहा. पायथन 2 ची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली, तरी त्यातला कंसाशिवायचा प्रिंट, जो पायथन 3 मध्ये चालत नाही, अजून बऱ्याच ठिकाणी सापडतो आणि मुलं तो उतरवून आणतात. लॅपटॉप कमी असतील तर काळजी करू नका, दोघांत एक बरा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल. ही अदलाबदल घड्याळ लावून करा, नाहीतर कीबोर्ड एकाच मुलाकडे राहतो, आणि मुलींचा नंबर शेवटी लागतो हे मी पाहिलंय.

लूपसाठी, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायला, पाढे पुरतात. कंटाळा यायला लागला की टर्टल हे पायथनमधलं चित्रं काढायचं साधन काढा, त्यात रांगोळी काढता येते. क्लास, गेम, एआय हे सगळं पहिल्या दोन महिन्यांत नको.

परीक्षा घ्यावी लागली तर लेखी पेपर काढू नका. चालता प्रोग्राम द्या, त्यात तुम्ही तीन चुका पेरलेल्या असू देत, एक अशी की जिच्यामुळे एरर येतच नाही, फक्त उत्तर चुकतं. वही उघडी ठेवायची परवानगी द्या आणि एक तास द्या.