आजोबांची लष्करी जीप दुरुस्त करून ऑस्ट्रेलियातल्या भावाकडे पाठवता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: भिलवडीच्या घरामागे आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप उभी आहे, घरात सगळे तिला दुसऱ्या महायुद्धातली विलीज म्हणतात, मध्ये ती वडापाला (गावोगावच्या खासगी प्रवासी वाहतुकीला) पळाली, २०१९ च्या पुरात बुडाली, आणि आता ती नीट करून पर्थला भावाकडे पाठवायची आहे. माझं मिरजेत गॅरेज आहे, २२ वर्षं जीपचंच काम करतो. चार गाड्या आजवर परदेशी गेल्या. तुमचीही जाईल. पण रंगाचे डबे आणायच्या आधी एक सकाळ गाडीखाली घालवा.

तुम्ही लिहिलंय की बॉनेट उंच आहे, मागे फाळका आहे आणि स्टेपनी बाजूला लागते. मग ती महायुद्धातली नव्हे. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून ६ लाखांवर जीप बनवल्या. त्या डाव्या स्टिअरिंगच्या, बुटक्या बॉनेटच्या, पुढच्या जाळीला ९ फटी असलेल्या. त्यांना मागे फाळका नसतो, स्टेपनी थेट मागच्या पत्र्याला. हेडलाइट जाळीच्या आत बसतात आणि नट सैल केला की उलटे फिरतात, म्हणजे रात्री रस्त्यात गाडी बंद पडली तर उजेड इंजिनावरच पाडता येतो. हे पहिल्यांदा हाताने फिरवून पाहिलं तेव्हा ज्याने ते योजलं त्याला मी मनोमन नमस्कार केला होता.

तुमची महिंद्राची सीजे-३बी असणार. हिच्या ‘हरिकेन’ नावाच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. तरी खात्री करा. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि पितळी ब्रश घ्या, ग्राइंडर अजिबात लावू नका, आणि चेसिस नंबर उघडा करा. महायुद्धातल्या विलीजचा नंबर पुढच्या बंपरमागे, चेसिसच्या डाव्या दांडीच्या आतल्या अंगाला रिबिट मारलेल्या पट्टीवर असतो. फोर्डचा त्याच दांडीच्या वरच्या अंगावर थेट ठोकलेला असतो, आणि तिच्या बोल्टांच्या डोक्यावर बारीक ‘एफ’ सापडतो. यातलं काही नसेल तर विषय मिटला.

वाईट वाटून घेऊ नका. आपल्या सैन्याने १९६५ आणि १९७१ ची युद्धं याच घडणीच्या जीपवर लढली. खेमकरणला अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस (उडवताना मागे धक्का न देणाऱ्या) तोफेनेच. अशा गाडीचं बॉनेट कापून, जाळीच्या फटी वाढवून, वर अमेरिकेचा पांढरा तारा रंगवून तिला ‘वर्ल्ड वॉर’ म्हणून खपवणारे लोक आहेत. माझ्याकडेही अशी कामं येतात, मी परत पाठवतो. तुमच्या गाडीला तिची स्वतःची ओळखच शोभेल.

शिवाय कायद्याने हे तुमच्या फायद्याचं आहे. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या मोटारी आणि त्यांचे सुटे भाग सरकारी परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. सीजे-३बी त्यानंतरची आहे; खरी युद्धातली जीप असती तर पहिला अडथळा तोच असता. कुणी ‘खोलून स्पेअर पार्ट म्हणून पाठवू’ असं सुचवलं तर ऐकू नका.

आता कागद. लिलावाची पावती, लष्कराचं विक्रीपत्र, आरसी बुक, जे असेल ते शोधा. आजोबांच्या नावावरून वारसाच्या नावावर गाडी करणं, नोंदणीची मुदत संपली असेल तर ते निस्तरणं, हे सांगली आरटीओत आधी होऊ दे. वडापाच्या दिवसांत आपल्याकडच्या बऱ्याच जीपना पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं गेलं. तुमच्या गाडीत आज कोणतं इंजिन आहे आणि आरसीवर कोणतं लिहिलंय, हे जुळवून पाहा. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या खासगी गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी होते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदललेलं असेल तर नाही. मूळ हरिकेन भंगारात गेलं नसेल तर ते मिळवायला पैसे घाला, पत्र्यावर नंतर घाला. कुपवाडच्या एमआयडीसीत इंजिनाचं बोअर (सिलिंडर आतून घासून सारखं) करून देणारे चांगले हात अजून आहेत.

पुराचा गाळ हे दुसरं मोठं काम. ऑस्ट्रेलियात गाडीला चिमूटभर माती चालत नाही, तिथे जैवसुरक्षा तपासणी होते. कृष्णेचा गाळ चेसिसच्या बंद कप्प्यांत, फ्लोअरखालच्या पट्ट्यांत, कमानपाट्यांच्या मध्ये सिमेंटासारखा बसतो. वरून प्रेशरने धुऊन तो निघत नाही. बॉडी चेसिसवरून उचलावीच लागते.

आणि ब्रेक. इथे मी स्वतः चुकलो. तिसरी गाडी ॲडिलेडला पाठवली तेव्हा जुने लायनर ॲस्बेस्टॉसचे (धूळ फुफ्फुसात गेली तर घातक अशा तंतूंचे) असतील म्हणून चारही चाकांना दुकानातून नवे घेऊन लावले. नवे म्हणजे सुरक्षित, असं मी धरून चाललो. तिथे बंदरावर नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवले. नव्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस निघालं, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डखालच्या गॅस्केटमध्येही निघालं. ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरपासून त्यावर पूर्ण बंदी आहे, आपल्याकडे अजून विकलं जातं. गाडी सात आठवडे अडकली. ते काढायचा खर्च आणि गोदामाचं भाडं मालकाला पडलं, आणि त्यांनी मला फोनवर एक शब्दही वाकडा बोलला नाही, त्यामुळे जास्त लागलं. निम्मे पैसे मी परत केले. तेव्हापासून ब्रेक, क्लच प्लेट आणि प्रत्येक गॅस्केट मी ॲस्बेस्टॉस नसल्याचं लेखी घेऊनच बसवतो, आणि एकेक तुकडा तपासणीला देतो.

भावाला सांगा, तिथली आयातीची मंजुरी त्याच्या हातात आल्याशिवाय गाडी न्हावाशेवा बंदराला हलवायची नाही. पुढचं सोपं आहे. वीस फुटी कंटेनरची आतली लांबी ५.९ मीटर, जीप साडेतीन मीटरच्या आत. टाकी रिकामी, बॅटरीच्या तारा सुट्या, चाकं चारही बाजूंनी आवळलेली. खाली लावायचं लाकूड उष्णता दिलेलं आणि तसा शिक्का असलेलं हवं, नाहीतर पुन्हा तीच अडवणूक.

सध्या एवढंच करा: गाडी विटांवर घ्या, टायर जमिनीवरून सुटू द्या, आणि नंबर घासून त्याचा फोटो काढून ठेवा. लिलावाची मूळ पावती मात्र गाडीबरोबर देऊ नका, भावाला रंगीत प्रत द्या.