चार-सात वर्षांच्या मुलांना घेऊन सेवा करायची कुठे?

प्रश्न : ताई नमस्कार, मला मुलगी ७ वर्षांची आणि मुलगा ४ चा. समाजासाठी काहीतरी करायची सवय दोघांना आतापासून लागावी असं वाटतं, पण एक-दोन ठिकाणी विचारलं तर इतकी लहान मुलं नको म्हणाले. मुलीचा वाढदिवस अनाथाश्रमात करू का? सासूबाई म्हणतात, आधी स्वतःचं ताट उचलायला शिकवा. - एक आई, कोथरूड

उत्तर : सासूबाईंचं चूक नाही हां, पण ताट उचलून झाल्यावर बाहेर पडायला काय हरकत आहे!

वाढदिवसाचं मात्र नकोच. कोणा अनोळखी मुलीच्या केकभोवती तिथल्या पोरांनी टाळ्या वाजवायच्या आणि आपण फोटो स्टेटसला टाकायचे, कशाला? शिवाय २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, कलम ७४ मध्ये, अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. द्यायचंच तर फोन करून काय लागतंय ते विचारा आणि गुपचूप पोचवा.

तुम्हाला वेताळ टेकडी जवळच आहे. पावसाळ्यात हौसेनं लावलेली रोपं उन्हाळ्यात पाण्यावाचून जातात, म्हणून कितीतरी लोक सकाळी घरून कॅन भरून नेतात, त्यांनाच विचारा, कुठली झाडं ते दाखवतील. धाकट्याला अर्ध्या लिटरची बाटली पुरे, पाणी आळ्यात ओतायचं, आणि दोघांना एकेक झाड ठरवून द्या म्हणजे पुढच्या रविवारी तीच ओढून नेतील तुम्हाला. उतरताना एकाला कडेवर घ्यावं लागणार हे धरूनच चाला.

गणपतीत दीड दिवसाच्या विसर्जनाला सोसायटीचं निर्माल्य वेगळं करायला बसवा, घाटावर नाही, तिथे गर्दी आणि पाणी, आपलं खाली पार्किंगमध्ये सतरंजी टाकून. टाचण्या, तारा आधी मोठ्यांनी काढायच्या, मग जरी आणि प्लास्टिक एकीकडे, फुलं-दुर्वा खताला. हाराच्या दोऱ्याचं टोक धरून ओढलं की झेंडू सटासट खाली पडतात, पोरं यात अशी रमतात की मोबाईल आठवत नाही, आणि सासूबाईंनाही बसवा की सोबत, गाठी सोडवायला.

नदीकाठच्या सफाईला इतक्यात नको, काचा-सुया निघतात कचऱ्यात, दहा-बारा वर्षांची झाली की बघा. आणि कुठेही गेलात तरी मधेच उठावं लागेल असं आधीच सांगून ठेवा, धाकटा रडायला लागला की खुशाल घरी.