स्क्वेअरमधून काँट्राच्या रांगेत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघं अमेरिकेतल्या एका क्लबात बरीच वर्षं स्क्वेअर डान्स (चार जोड्या चौकोनात उभ्या राहून करतात तो नाच) करतो, ‘प्लस’ या पातळीपर्यंतचे कॉल (पुढची आकृती सांगणाऱ्या सूचना) येतात. अलीकडे काँट्रा डान्सला (लांब रांगांत जोड्यांनी करायच्या नाचाला) गेलो. आकृत्या बहुतेक ओळखीच्या होत्या, तरी दर वेळी आम्ही आधी पोहोचून ताटकळत उभे आणि बाकीचे अजून वाटेत. चुकतंय काय?

उत्तर : आकृत्या नाहीत, कान चुकतोय. स्क्वेअरमध्ये पुढचा कॉल कोणता हे नाचणाऱ्याला माहीत नसतं. त्यामुळे कॉल कानावर पडला की निघायचं आणि पटकन मोकळं व्हायचं, ही सवय अंगात मुरते. काँट्रात सगळा क्रम आधी चालवून दाखवतात आणि मग तोच पंधरा-वीस वेळा नाचायचा असतो. धून 32 बारची, म्हणजे 64 मात्रांची : ए भाग दोनदा, बी भाग दोनदा, प्रत्येक वेळी 16 मात्रा. कॉलर, म्हणजे सूचना देणारा, पुढच्या आकृतीचं नाव चालू आकृतीच्या शेवटच्या दोन-चार मात्रांत घेतो, म्हणजे पहिलं पाऊल नेमकं समेवर पडावं. तुम्ही नाव ऐकताच निघता, म्हणून तेवढेच लवकर पोहोचता.

उपाय म्हणजे मात्रा पुरवून वापरणं. दो-सि-दो (समोरच्याला वळसा घालून परत जागेवर येणं) 8 मात्रांचा. तो सहात उरकत असेल तर वर्तुळ थोडं मोठं घ्या. सहात संपवून दोन मात्रा उभं राहू नका. डावीकडे पाऊण फेरीचं वर्तुळ 8, दीड फेरीचा अलेमांड (एक हात धरून एकमेकांभोवती फिरणं) 8, चेन (दोघींनी हात देत पलीकडे जाणं) 8, चौघांची ‘हे’ (एकमेकांना ओलांडत गुंफत जाणं) 16. लांब रांगा पुढे-मागे म्हणजे चार पावलं पुढे, चार मागे, आणि शेवटचं पाऊल आठव्या मात्रेवर. चार-पाच आवर्तनांनंतर कॉलर हळूहळू गप्प होतो. त्यानंतर धून हाच कॉल. स्क्वेअरवाल्यांना नेमकी ही शांतता घाबरवते, पण चांगल्या रात्री नाच खरा इथूनच रंगतो.

प्रश्न : स्विंगमध्ये (जोडीदाराला धरून जागच्या जागी फिरताना) मला गरगरतं. स्क्वेअरमध्ये असं कधी होत नाही.

उत्तर : तिथला स्विंग एखाद-दुसऱ्या फेरीत संपतो. काँट्रात तो 8 ते 12 मात्रा चालतो आणि तेवढ्यात तीन-चार फेऱ्या सहज होतात. बझ स्टेप अशी : दोघांचे उजवे पाय शेजारी-शेजारी, बाहेरच्या कडा एकमेकांजवळ. उजवा पाय जवळजवळ जागेवर फिरतो, डावा मागून ढकलतो, स्कूटर चालवणाऱ्या मुलाच्या पायासारखा. उजवा ठोक्यावर, डावा दोन ठोक्यांच्या मध्ये. उड्या मारू नका, डोकं एका उंचीवर ठेवा. अगदी समोरासमोर न राहता थोडं डावीकडे सरका, नाहीतर गुडघे आपटतात.

पाठीमागच्या हाताला आपला थोडा भार द्यायचा, पण लोंबकळायचं नाही. पकड सुटली तरी स्वतःच्या पायांवर उभं राहता आलं पाहिजे. गरगरतं ते बहुधा नजर खोलीभर फिरते म्हणून. जोडीदाराच्या डोळ्यांत बघा, संकोच वाटत असेल तर कानाकडे किंवा खांद्याकडे. शेवटच्या दोन मात्रांत वेग कमी करून पकड उघडा आणि शेजारी-शेजारी उभे राहा : लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे. (हल्ली बऱ्याच ठिकाणी ‘पुरुष’, ‘स्त्री’ऐवजी हीच नावं वापरतात.) तरीही त्रास झाला तर साध्या चालीनं फिरा. कोणी हरकत घेत नाही.

प्रश्न : हात धरण्यात काही फरक आहे का?

उत्तर : आहे, आणि त्यावरूनच स्क्वेअरवाले लगेच ओळखू येतात. अलेमांडला तुम्ही कोपराखालचा हात पकडता. इथे पंजात पंजा, कोपर वाकलेलं आणि खाली, अंगठ्याने दाबायचं नाही. समोरच्याला पंजा अपेक्षित असताना मनगटाच्या वर पकड बसली तर दंड पिरगळतो आणि सुटायला उशीर होतो. स्टारमध्ये (चौघांनी एकेक हात मध्ये जोडून फिरताना) तळहात उंचावून एकत्र टेकवण्याऐवजी बहुतेक ठिकाणी पुढच्याचं मनगट हलकेच धरतात.

प्रश्न : आमच्या क्लबात संध्याकाळी एखादा काँट्रा घ्यावा असा विचार आहे. कुठला निवडू?

उत्तर : प्लस नाचणाऱ्यांना अवघड आकृत्यांचा मोह होतो. तो आवरा. आकृत्या त्यांना येतातच, शिकायचं आहे ते धुनीबरोबर चालणं. दोन जोड्यांच्या ‘इम्प्रॉपर’ रचनेत (एकाआड एक जोडीतल्या दोघांनी आपसांत बाजू बदललेली असते) हा क्रम घ्या. ए-1 : शेजाऱ्याशी (दुसऱ्या जोडीतल्या समोरच्याशी) दो-सि-दो 8, स्विंग 8. ए-2 : लांब रांगा पुढे-मागे 8, डावीकडे वर्तुळ पाऊण फेरी 8. बी-1 : जोडीदाराबरोबर बॅलन्स (एकमेकांकडे पाऊल टाकून मागे येणं) 4, स्विंग 12. बी-2 : रॉबिनांची चेन 8, डावा स्टार पूर्ण फेरी 8, आणि स्टार सोडून पुढच्या नव्या शेजाऱ्याकडे. इथे स्टार जेमतेम पाऊण फेरी करून सोडणारे खूप असतात. तसं झालं की पुढचा शेजारी भलत्याच बाजूला दिसतो आणि अख्खी रांग विस्कटते.

वॉक-थ्रू (नाचण्याआधी क्रम चालवून दाखवणं) दोनदा पुरे. दुसऱ्यांदा पुढे सरकलेल्या जागेवरून करा, म्हणजे नवे शेजारी कसे येतात ते कळतं. एका रांगेत सहा-आठ जोड्या असाव्यात; चारच असल्या तर लोक सारखे टोकाला थांबून राहतात.

संगीताची अडचण येईल. सिंगिंग कॉलच्या (गाण्यात गुंफलेल्या कॉलच्या) ध्वनिमुद्रणात 64 मात्रांची आवर्तनं असतात, पण साधारण सातच. पॅटरच्या (गाण्याविना, बोलून दिलेल्या कॉलच्या) संगीतात तर वाक्याची सुरुवात धड ऐकूच येत नाही. सात आवर्तनांत नाच अंगात बसेपर्यंत संपतो, म्हणून काँट्रासाठीच वाजवलेलं मुद्रण घ्या. आणि कॉलरला बजावा : नाव आधी घे, अधलीमधली बडबड नको, नाच मध्येच बदलायचा नाही.

प्रश्न : रांगेच्या टोकाला पोहोचल्यावर समोर कोणीच नसतं. तेव्हा काय?

उत्तर : एक आवर्तन थांबायचं. जोडीने वळून रांगेकडे तोंड करा आणि जागा बदलून रॉबिन लार्कच्या उजवीकडे येईल असं उभं राहा. स्क्वेअरमधल्या जोडीचा नियमच आहे हा. जागा बदलायचं राहून गेलं की पुढच्या आवर्तनात समोर चुकीची व्यक्ती येते, तेव्हा हे थांबल्या थांबल्याच उरकावं.

प्रश्न : झगमगीत क्लबचे कपडे घालून जावं का? आणि जोडीदार नसला तर?

उत्तर : मऊ तळाचे, स्वच्छ, आत वापरायचे बूट आणि घाम शोषणारे कपडे, एवढं पुरतं. फिरणारा स्कर्ट चालतो, फक्त फुगवणारा पेटीकोट स्विंगमध्ये दोघांच्या मध्ये येतो. जोडीदार लागत नाही. एक नाच संपला की पुढच्या नाचासाठी दुसऱ्या कोणालातरी विचारायचं हाच तिथला रिवाज आहे. दोघंही रात्रभर एकमेकांबरोबरच नाचत राहिलात तर तेवढं मात्र लोकांना विचित्र वाटेल.