सहावी-सातवीच्या मुलांशी वर्गात जातीबद्दल बोलावं का?

बोलावंच. तुम्ही लिहिलंय की मुलं लहान आहेत, पालक तक्रार करतील, मग विषय टाळलेला बरा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत याच वर्गांना शिकवतो. कोणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे यातल्या काही मुलांना शाळेत यायच्या आधीच कळलेलं असतं. आपण गप्प बसलो तर तेवढंच खरं ठरतं.

मी सुरुवात महाडच्या चवदार तळ्यापासून करतो. ‘समता’ म्हटलं की मुलं नुसत्या माना डोलावतात; तळं आणि तहान मात्र लगेच कळते. 1923 साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केलं, पण कागदावरच. बाबासाहेब लोकांना घेऊन तिथलं पाणी प्यायले ते 20 मार्च 1927 ला. त्यानंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, शेण आणि गोमूत्र ओतून. गुरांना त्या तळ्यावर कोणी अडवत नव्हतं, हे सांगितलं की मुलं चिडतात. ठराव झाला होता तर माणसांना अडवलंच कसं, असं स्वतःहून विचारतात. तळं सगळ्यांना खुलं की नाही यावर खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल 1937 मध्ये लागला, हे ऐकून बोटांवर वर्षं मोजतात. त्या प्रश्नावर अख्खा तास गेला तरी जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. वर्गातल्या कुठल्याही मुलाला उदाहरण करू नका. ‘तू सांग रे, तुला काय अनुभव आला?’ हे कधीच नको. शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्यानं वाचणं, सगळ्यांसमोर ‘जातीचा दाखला आणलास का’ म्हणून विचारणं, याचा मला फार राग येतो. पालकांना बोलावून कागद घेता येतात की!

आरक्षणाचा विषय निघणारच. 2023 मध्ये अंतरवाली सराटीचं आंदोलन पेटलं तेव्हा मुलं घरून घोषणा घेऊन यायची. मराठा समाजाची मागणी काय, ओबीसींना भीती कशाची, दोन्ही मी फळ्यावर लिहिलं आणि संविधानाची 15 आणि 16 ही कलमं सोप्या भाषेत सांगितली. माझं मत सांगितलं नाही, कुठल्या पक्षाचं नावही घेतलं नाही. पण अस्पृश्यतेला दोन बाजू नसतात. कलम 17 नं ती नष्ट केली आहे, ती पाळणं गुन्हा आहे, हे ठणकावून सांगा.

‘सर, तुमची जात कोणती?’ हेही विचारतील. मी सांगतो, आणि लगेच विचारतो की आता मी शिकवलेलं गणित बदललं का?

पालकांचं म्हणाल तर मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या आणि पालकसभेत बालभारतीचं पुस्तक उघडून ठेवा. सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका छापलेली असते. ती पालकांपैकीच कोणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा, आणि मग तक्रार ऐकायला बसा.